बारा सागरी मैलांपलीकडचा फोन

कळमनुरीच्या माणसाने समुद्रावर लिहायला बसावं, याचं आधी मलाच हसू आलं. आमच्याकडे नदी म्हणजे कयाधू, आणि उन्हाळ्यात तीही नावापुरतीच. मोठं पाणी बघायचं झालं तर पैनगंगेवरचं इसापूरचं धरण. समुद्र इथून पाचशे किलोमीटरच्या वर. माझ्या मायने तो एकदाच, तोही सिनेमात पाहिलेला. पण विषय खरं तर समुद्राचा नाही, फोनचा आहे. समुद्र मध्ये आला तो असा.

गेल्या डिसेंबरात मुलाने आम्हा नवरा-बायकोला क्रूझवर नेलं. मुंबईहून शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवार अख्खा समुद्रात, रविवारी सकाळी गोव्यात मुरगाव बंदर. बॅलार्ड पिअरला बोटीवर चढता चढता मुलाने बजावलं, “बाबा, आईचा आणि तुमचा फोन विमान मोडवर टाका आणि उतरेपर्यंत काढू नका. नाहीतर तिकिटापेक्षा मोठं बिल येईल.” त्याने स्वतःच्या एका फोनपुरतं बोटीवरचं वाय-फाय विकत घेतलं. ऑफिसचं काम सुटत नव्हतं. आम्हाला ते नको होतं. सुट्टीवर आलोय ना, म्हटलं.

शनिवारी दिवेलागणीला इकडे कळमनुरीत माय ओट्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. धाकट्या भावाने तिला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. वाटेत मला फोन लावला, मग माझ्या बायकोला, मग पुन्हा मला. शेवटी पुतण्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं. मुलाने तो निरोप रात्री दहाच्या सुमारास वाचला. तेव्हा आम्ही दोघं बोटीवरच्या नाट्यगृहात जादूचे प्रयोग बघत होतो. त्याने विचार केला की बोट भर समुद्रात आहे, उतरता येणार नाही, काकांनी डॉक्टर गाठलाय, ऑपरेशन सोमवारी ठरलंय. मग आत्ता सांगून काय होणार? त्याने रात्रभर गिळलं आणि पहाटे डेकवर चहाचा कप हातात देऊन सांगितलं.

मी आधी चिडलो. मग वाटलं, बरोबर केलं. मग पुन्हा चिडलो. ते अजून माझं ठरलेलं नाही.

मुरगावला उतरून, तीन गाड्या बदलत नांदेड गाठायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. दवाखान्याच्या पायरीवर भाऊ बसलेला. म्हणाला, “दादा, माय इथं कण्हत होती आन् तुझा फोन म्हणत होता, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. क्षेत्राच्या बाहेर जायची हौस काहून आली तुला?”

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी शिकवायच्या सवयीकडे वळलो. तेहेतीस वर्षं भौतिकशास्त्र आणि गणित शिकवलेल्या माणसाला दुःख झालं की तो आकडेमोड करतो. क्षेत्र म्हणजे काय, ते कुठे संपतं, आणि त्याच्या बाहेर गेलेल्या माणसाने कसं वागावं, याचा शोध तिथून सुरू झाला.

पहिला प्रश्न सोपा. किनाऱ्यावर एवढे टॉवर असताना समुद्रात रेंज का जाते? पृथ्वी गोल आहे म्हणून. उंचावरून क्षितिज किती दूर दिसतं, याचा ढोबळ नियम असा की उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. ४९ मीटरच्या टॉवरला २५ किलोमीटर दिसतं. आपण बोटीच्या २५ मीटर उंचीच्या डेकवर असलो तर आपल्याला १८ किलोमीटर दिसतं. बेरीज ४३. लहरी थोड्या वाकतात, म्हणून अंतर थोडं वाढतं. पण जुन्या जीएसएम पद्धतीत आणखी एक मर्यादा होती. टॉवर आणि फोन यांच्या वेळेचा मेळ साधारण ३५ किलोमीटरपर्यंतच बसायचा. १५ नॉटच्या वेगाने जाणारी बोट तासाला २८ किलोमीटर तोडते. म्हणजे मुंबई मागे पडल्यावर तास-दीड तासात बोट किनाऱ्यापासून दूर सरकली की दांड्या एकेक करून गळतात. आमच्या बोटीवर तेव्हाच लोक कठड्याकडे धावले होते. हात उंच करून, फोन आभाळाकडे धरून. मला जुन्या काळातले छपरावर चढून अँटेना फिरवणारे लोक आठवले.

मग दांड्या परत येतात, आणि फसगत इथे होते. बोटीला स्वतःचा छोटा टॉवर असतो. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर तो सुरू करतात. बहुतेक देशांच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या आत, तो बंद ठेवावा लागतो, कारण तेवढं पाणी त्या त्या देशाचं. पलीकडे गेलं की फोनला वाटतं, आपण नव्या देशात आलो. एका अर्थी ते खरंच असतं. देशोदेशीच्या मोबाईल जाळ्यांना आंतरराष्ट्रीय क्रमांक असतात, भारताचे ४०४ आणि ४०५. कुठल्याच देशाच्या नसलेल्या जाळ्यांसाठी ९०१ राखून ठेवलेला आहे. बोटीवरचे आणि विमानातले टॉवर त्यात येतात. देशांतर्गत पॅक तिथे चालत नाही, परदेशाचा पॅकही सहसा चालत नाही. आणि आपण बोललो नाही तरी खिशातला फोन आपल्या नकळत फोटो साठवतो, पत्रं उतरवतो, अ‍ॅप ताजे करतो. बिल त्याचंच येतं. मुलाचा सल्ला तेवढ्यापुरता पक्का होता. विमान मोड चालू ठेवून फक्त वाय-फाय उघडं ठेवता येतं, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

बोटीवरचा टॉवर पुढे आभाळाशी बोलतो. स्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आवाज वर जाऊन खाली यायचा म्हणजे किमान ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने त्याला पाव सेकंद लागतो. समोरच्याचं उत्तर यायला आणखी पाव. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण संभाषणात अर्ध्या सेकंदाची शांतता आपण ‘ऐकू गेलं नाही’ अशी वाचतो. मग आपण पुन्हा बोलतो, तेवढ्यात तिकडचं उत्तर येऊन आपल्या बोलण्यावर आदळतं, दोघंही थांबतात, दोघंही एकदम सुरू करतात, आणि मग दोघंही ओरडतात. बोटीच्या जेवणघरात “हॅलो! हॅलो! हां, ऐक ना!” असं किंचाळणारा माणूस असंस्कृतच असतो असं नाही. त्याला उपग्रहाची उंची कुणी सांगितलेली नसते. आता साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणारे उपग्रह आले आहेत. २०२२ साली रॉयल कॅरिबियनने आपल्या बोटींवर स्टारलिंक बसवण्याचं जाहीर केलं, आणि तिथला विलंब जाणवेनासा झाला. आपल्याकडे विमानातल्या आणि जहाजावरच्या फोन-इंटरनेटसाठी नियम झाले ते डिसेंबर २०१८ मध्ये.

पण ओरडण्याचं सगळं खापर उपग्रहावर फोडता येणार नाही. आम्ही जमिनीवरही ओरडतोच. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीने फोनवर बोलणं ट्रंक कॉलवर शिकलं. पोस्टात जाऊन नंबर नोंदवायचा. साधा, अर्जंट, नाहीतर लाइटनिंग. तास-दोन तास बाकावर बसायचं आणि लाइन लागली की मुंबईपर्यंत आवाज स्वतःच्या छातीच्या जोरावर पोचवायचा. नंतर पीपी नंबर आले. फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. तेव्हा मात्र एक शिस्त होती. जेवायच्या वेळी शेजारी फोन करायचा नाही, बोलणं लांबवायचं नाही, निघताना वहिनींना “तसदी दिली” म्हणायचं. मग एसटीडीचे पिवळे बूथ आले. काचेत लाल आकडे पळायचे आणि मागची रांग आपला अख्खा संसार ऐकायची. खासगी बोलणं चारचौघांत करायची लाज आमची तिथेच गेली असावी, असा माझा कयास आहे. मोबाईल आला तेव्हा सुरुवातीची काही वर्षं येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यातून मिस्ड कॉल नावाची संस्था जन्मली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू लाव. इतक्या कमी शब्दांत इतकं सांगणारी शिस्त पुन्हा झाली नाही. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं, आणि फुकटच्या वस्तूला कुणी जपत नाही.

बोटीवर मी दोन दिवस काय पाहिलं? नाट्यगृहात अंधार झाला की पडद्यांचे चौकोन उजळत. जादूगाराच्या डोळ्यांवर तो उजेड येत होता, त्याने दोनदा हात आडवा धरला. लिफ्टमध्ये स्पीकरवर जावयाची तक्रार चालली होती. पोहण्याच्या तलावाशी एक जण गाण्यावर चित्रफीत काढत होता, आणि मागे कुणाच्या तरी ओल्या अंगाच्या बायका-मुली त्याच्या चौकटीत येत होत्या. त्याला कुणी हटकलं नाही. केबिनच्या भिंती पातळ. शेजारच्या केबिनमधलं मुंबईच्या फ्लॅटचं कर्ज किती उरलंय, ते मला पाठ झालं. कॅसिनोत मात्र फोन काढताच पहारेकरी हजर. पैशाची अब्रू जपली जाते, माणसांची आपापल्या जबाबदारीवर.

सेल्फीचं तर बोलायलाच नको. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा बोट सुरू झाली, त्या पहिल्याच सफरीत कठड्यापलीकडे बसून काढलेल्या एका सेल्फीने महाराष्ट्रभर गदारोळ उडवला होता. व्यक्ती कोण, हे वाचकांना आठवत असेल. मला त्यात रस नाही. मला प्रश्न पडतो तो एवढाच की कोकणच्या बोटीने पिढ्यान्पिढ्या लोक गेले. गाठोडी, कोंबड्या, फणस, लहान पोरं घेऊन, डेकवर झोपून. त्यांना कठडा ही धरायची वस्तू वाटायची. आपल्याला तो फोटोच्या आड येणारा अडसर वाटतो.

इथवर लिहून मी थांबलो होतो. तक्रारींची यादी झाली की निबंध संपला, असं वाटलं. पण भावाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. म्हणून मागे गेलो, बोटीवरून निरोप पाठवण्याच्या इतिहासात.

१९१२ चं ‘टायटॅनिक’. तिच्यावरचे दोन बिनतारी ऑपरेटर मार्कोनी कंपनीचे नोकर, आणि कंपनीची कमाई प्रवाशांच्या खासगी तारांवर. अमक्या दिवशी पोचतो, तब्येत छान, हवा सुंदर, असे निरोप. आधी यंत्र बिघडलं होतं, त्यामुळे तारांचा ढीग साचलेला. १४ एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमारास जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाने कळवलं, आम्ही बर्फाने वेढून थांबलो आहोत. तिचा जोरदार संदेश कानात आदळल्यावर टायटॅनिकच्या ऑपरेटरने तिला गप्प बसायला सांगितलं, मी केप रेसशी कामात आहे म्हणून. केप रेस म्हणजे किनाऱ्यावरचं केंद्र, जिथे प्रवाशांच्या तारा जात होत्या. कॅलिफोर्नियनचा ऑपरेटर थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपला. अकरा चाळीसला धडक झाली. तार करणाऱ्या प्रवाशाचा काय दोष? काहीच नाही. पण समुद्रावरची वाट एकच अरुंद असते आणि तिच्यावर कुणाचं बोलणं आधी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

उलट टोक आपल्या दारातलं. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हतं. मुंबईच्या तोंडाशी, सकाळच्या वेळी बोट बुडाली, आणि मुंबईला खबर लागली ती वाचलेले लोक पोहून, मचव्यांच्या आधाराने पोचल्यावर, कित्येक तासांनी. धक्क्यावर तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. ‘बातमी नाही म्हणजे खुशाली’ असं आपल्याकडे मानायची रीत आहे. रामदासनंतर ते वाक्य मला कधी निर्धास्तपणे म्हणता आलेलं नाही.

आणि तिसरी, १३ जानेवारी २०१२ ची ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’. इटलीच्या जिल्यो बेटाच्या खडकावर ही प्रचंड क्रूझ बोट फाटली. बोटीवरून किनाऱ्याला सांगितलं जात होतं, फक्त वीज गेली आहे. किनारा रक्षकांना शंका आली ती बोटीमुळे नाही. एका प्रवाशाने घरी मोबाईल केला, घरच्यांनी आपल्या गावच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी बंदराला विचारलं. किनारा जवळ होता म्हणून फोन लागला. त्या रात्री ३२ जण गेले. फोन लागला नसता तर मदत आणखी किती उशिरा निघाली असती, याचा हिशेब मला मांडता येत नाही. त्या बोटीवर नव्याने चढलेल्या काही प्रवाशांची आणीबाणीची कवायत झालेली नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमच झाला की बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या कवायत घ्यायची. आमच्याही बोटीवर ती झाली. जीवरक्षक जाकीट कसं घालायचं हे एक मुलगी दाखवत होती आणि आमच्या रांगेतले बरेच जण तिचं चित्रीकरण करत होते. बघत कुणी नव्हतं. मीसुद्धा घरी पाठवायला एक फोटो काढला. जाकिटाची दोरी कुठून ओढायची, हे विचाराल तर आज सांगता येणार नाही.

जेवणघरात आमच्या टेबलाला असलेला मुलगा सिंधुदुर्गाकडचा होता. मराठी ऐकून खुलला. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात, हा शब्द त्याने दिला. घरोघरी एक तारवटी अशी गावं आहेत, म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे लोक त्याच्या ताटं उचलण्याचं चित्रण करू लागले तेव्हा तो हसत चेहरा वळवत होता. नंतर हळूच म्हणाला, “काका, बाबांनी बघितलं तर त्यांना वाईट वाटेल. मी काम करतो ते माहीत आहे त्यांना, पण बघणं वेगळं.” ड्युटीवर त्याला फोन खिशात ठेवायची परवानगी नाही. रात्री खाली, पाण्याच्या पातळीजवळच्या खोलीत गेल्यावर तो घरी बोलतो. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराची २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. जहाजावरच्या कामगारांना घरच्यांशी संपर्कासाठी इंटरनेट मिळावं आणि त्याचे दर वाजवी असावेत, असं तीत म्हटलं आहे. म्हणजे ज्या गोष्टीपासून दोन दिवस सुटावं म्हणून आम्ही पैसे भरले, ती या मुलासाठी जगाने हक्क म्हणून लिहून ठेवली आहे. बोटीवर वरच्या डेकवरचा फोन आणि खालच्या डेकवरचा फोन ही दोन वेगळी यंत्रं आहेत, असं मला तेव्हा वाटलं. तो मला विचारत होता, तुमच्या घरी कोण असतं? मी म्हटलं, माय आणि भाऊ. तो म्हणाला, “मग रोज बोलत असाल.” मी हो म्हटलं. ती शनिवारची दुपार होती.

आमच्या जिल्ह्याची एक गंमत सांगायला हवी. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी ऐकण्याची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहते आहे. जागा निवडताना जमीन किती निवांत आहे, हे पाहिलं गेलं. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला निरोप ऐकायचा तर आसपास गडबड चालत नाही. कळमनुरीहून फार लांब नाही ते. भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “त्यांचा निरोप उशिरा आला तर चालतो, दादा. मायचा चालत नाही.”

मुलाने रात्रभर निरोप दाबून ठेवला, त्याबद्दल मी बऱ्याच जणांशी बोललो. तरुण म्हणतात, बरोबर केलं. माझ्या वयाचे म्हणतात, उठवायला हवं होतं. मायच्या वयाच्या बाया वेगळंच म्हणतात, तो एकटा का जागला? पूर्वी हा प्रश्न यायचाच नाही. तार यायची, दार वाजायचं, आणि तार म्हटली की वाचण्याआधीच घरात रडारड व्हायची. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्याबरोबर निरोप फोडून वाचणारा, तोंड बघून सांगणारा पोस्टमनही गेला. आता तो निवाडा ज्याच्याकडे वाय-फायचं पॅकेज असेल त्याच्यावर पडतो. तिशीच्या मुलावर पडला. मला वाटतं, त्याने सांगायला हवं होतं. करण्यासारखं काही नव्हतं हे खरं, पण बायकोने आणि मी ती रात्र जादू बघून टाळ्या वाजवत काढली, हे मला नंतर सोसायला जड गेलं. तरी त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते विचारू नका.

चुकलं ते त्याच्याही आधी. निघताना आम्ही भावाला बोटीचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. ‘समुद्रात जातोय’ एवढंच. प्रवाशाच्या घरच्यांना गरज पडली तर प्रवासी कंपनीच्या जमिनीवरच्या कार्यालयामार्फत बोटीपर्यंत निरोप जातो. बोटीचं नाव, केबिन क्रमांक आणि आरक्षणाचा क्रमांक हाताशी असला की स्वागतकक्षातला माणूस केबिनच्या दारापर्यंत येतो. त्याला आमच्या रेंजची, पॅकची, विमान मोडची गरज नसते. हे कळायला मला पंधरा मिनिटं लागली. परत आल्यावर.

माय आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येते. यंदा दिवाळीनंतर बायकोच्या बहिणीकडे कोचीला जायचं चाललंय, परतीचा टप्पा बोटीने. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, भावाने बोटीचं नाव आणि कार्यालयाचा नंबर उतरवून घेतला. आरक्षणाचा क्रमांक दोनदा वाचून दाखवायला लावला. माय बघत होती. म्हणाली, “एवढे आकडे कोण लावीन? मी पडले तर मी सांगते ना त्याला, आपल्या नंबरावरून.” आपला नंबर म्हणजे तिच्या जुन्या बटणांच्या फोनवरचा दोनचा आकडा. तो दाबून धरला की माझा फोन वाजतो. भावाने तिचं ऐकून घेतलं, आणि पेनाने नंबराभोवती चौकट केली.